अबोल्यातली सलामी

ओपनिंगला जायच्या आधी मला हमखास लघवीला लागायची. पॅड बांधून झाले, हेल्मेटचा पट्टा लागला, पंच मैदानात उतरले, की लागलीच. मग पॅडसकट कुठल्यातरी झाडामागं पळायचं आणि परत येऊन हातमोजे शोधायचे. पुढच्या नंबरवर खेळणारे हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांना चेंडू जुना झाल्यावर जायचं असतं. नव्या चेंडूसमोर जाणाऱ्याच्या पोटात काय चालतं ते दोघांनाच ठाऊक असतं, एक तो स्वतः आणि दुसरा त्याच्याबरोबर चालत जाणारा. माझ्याबरोबर चालत जाणारा माझा सख्खा चुलतभाऊ होता, आणि आमचा अबोला होता.

अबोला तसा आमचा नव्हे, घरचा. देऊळगाव राजाजवळच्या आमच्या गावात बाबांची आणि काकांची विहीर सामाईक. एका उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली. कोणाच्या पाळीत जळली यावरून दोघं भाऊ भांडले, आधी विहिरीवर, मग घरासमोर, मग चार माणसांत. मोटर दुरुस्त होऊन आली, पाणी सुरू झालं, भांडण मात्र तसंच राहिलं. पुढं काका वारले. बाबा मातीला गेले, सगळ्यांच्या मागं उभे राहिले, घरी येऊन आंघोळ केली आणि गप बसले. भांडणारा एक माणूस गेला, तरी भांडण काही गेलं नाही. ते चुलतभावाच्या वाट्याला आलं. आमच्याकडं शेतीबरोबर हेही वारसानं मिळतं.

गंमत अशी की आमची जोडी बाबांनीच लावलेली. बाबा एसटीत कंडक्टर होते. एका खांद्यावर तिकिटांची पेटी आणि कानाशी ट्रान्झिस्टर, असे ते जालना-बुलढाणा गाडीवर चालायचे. कसोटी सामना चालू असला की प्रवासी आधी स्कोअर विचारायचे आणि मग तिकीट घ्यायचे, असं ते स्वतःच सांगत. खरं-खोटं त्यांनाच माहीत. सुटीच्या दिवशी विहारामागच्या पडीत जमिनीत त्यांनी आम्हा दोघांना उभं केलं. तो डावखुरा, मी उजवा. "एक डावा, एक उजवा. बॉलरची लाइन लागूच द्याची नाही," हे त्यांचं पहिलं सूत्र. दुसरं सूत्र असं, की ओपनरनं रन काढायची घाई करू नये. "रन मागचेही काढतीन. तुम्ही फक्त बॉलची लाली काढा."

भांडण झालं तेव्हा आम्ही दोघं कॉलेजात होतो आणि तालुक्याच्या टीमचे ओपनर होतो. खेळणं बंद करा असं दोन्ही घरांत कोणी म्हणालं नाही. "खेळ खेळाच्या जागी. पण बोलाचं काम नाही," एवढंच बाबा म्हणाले. ते म्हणाले म्हणून मी बोललो नाही, आणि मी बोललो नाही म्हणून तो बोलला नाही. मी पुढं शाळेत मास्तर झालो. त्यानं शेडनेट टाकलं आणि मिरची-टोमॅटोच्या बियाण्याचा प्लॉट करू लागला. दोघांची लग्नं झाली, दोघांच्या लग्नांत दोघं लांबून जेवून आलो. आणि दर हिवाळ्यात पांढरे कपडे घालून दोघं बरोबर मैदानात उतरत राहिलो.

न बोलता ओपनिंग कशी करता येते, असं मला पुष्कळांनी विचारलंय. उत्तम करता येते. हो, नाही आणि थांब, हे तीन शब्द बोलण्यात धरायचे नाहीत हे कोणी न ठरवता ठरलं होतं. बाकीचं तिसऱ्याच्या तोंडून. आमच्याकडं अबोल्याच्या घरात हीच रीत असते. जाऊ जावेला सांगत नाही, पोराला सांगते; पोरगं नसेल तर म्हशीला सांगते, "सांगा बा कोणी, चहा झाला म्हणा." ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. आमचंही तसंच. षटक संपलं की खेळपट्टीच्या मधोमध यायचं, एकानं पूर्वेला पाहायचं, दुसऱ्यानं पश्चिमेला, बॅट ठोकत उभं राहायचं. तो म्हणायचा, "पंचसाहेब, त्याले म्हणा, बॉल आत येऊन राह्यला." तालुक्यातल्या पंचांना सगळं ठाऊक. ते जराही न हसता माझ्याकडं वळून म्हणायचे, "बॉल आत येऊन राह्यला म्हणते." मला त्याच्याच तोंडून ऐकू आलेलं असायचं, तरी पंचांचं होईपर्यंत मी थांबायचो. रीत म्हणजे रीत.

मॅचला जायचो तेही त्याच्या मोटरसायकलवर. माझ्याकडं गाडी नव्हती असं नाही, पण किटबॅग आमची दोघांत एकच होती आणि ती त्याच्या टाकीवर नीट बसायची. मी मागं बसायचो. थांबायचं असलं की त्याच्या खांद्यावर बोट टेकवायचो. चिखली येईपर्यंत असा कितीतरी रस्ता आम्ही मुक्यानं कापलाय.

बाबा भांडणापासून आमचा खेळ बघायला कधी आले नाहीत. पण मी घरी आलो की अंगणात बसलेले असायचे. "किती?" मी माझे सांगायचो. मग ते सुपारी कातरत बसायचे आणि आत जाऊ द्यायचे नाहीत. कशासाठी थांबवलंय ते मला कळायचं. "पलीकडच्यानं एवढे काढले," असं मी म्हटलं की "मी कुठी इचारलं?" म्हणून उठायचे. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. कसोटी चालू असली की दोन्हीकडं टीव्ही. त्यांच्याकडचा टीव्ही आमच्यापेक्षा थोडा पुढं चालायचा, त्यामुळं आमच्या पडद्यावर बॉलर अजून पळत असतानाच भिंतीपलीकडून "अरेरे" ऐकू यायचं. बाबा चिडायचे. "आता आउटही त्यायच्याकडूनच समजाचं का आपल्याले?" म्हणायचे. आणि दोन्ही घरांत तेच दुःख एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून केलं जायचं.

भारताच्या टीमची निवड झाली की बाबांचं डोकं फिरायचं. त्यांना मधल्या फळीशी घेणं नव्हतं, स्पिनर किती घेतले याच्याशीही नव्हतं. ओपनर कोण, एवढाच प्रश्न. जमलेली जोडी निवड समितीनं मोडली की दोन दिवस घरात कोणाशी धड बोलायचे नाहीत. वीस षटकांच्या खेळात सहा-सहा धावा ठोकणाऱ्याला उचलून कसोटीत सलामीला आणलं तर विचारूच नका. म्हणायचे, "जोडी मोडली का दोघंही जाते. एक आज, एक उद्या. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं नाही, पण पुष्कळदा तसंच झालेलं पाहिलं, आणि माझ्या मनात ती भीती घर करून बसली. मला स्वतःच्या खेळाचा कधीच भरवसा नव्हता. माझा सगळा भरवसा समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या न बोलणाऱ्या माणसावर होता.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या टीमची निवड चाचणी बुलढाण्याला ठेवली. शेजारच्या जिल्ह्याविरुद्ध पुढं खामगावला दोन दिवसांची मॅच व्हायची होती, लाल चेंडू, पांढरे कपडे, सगळं कसोटीसारखं. असली मॅच आता फार होत नाही. सगळीकडं टेनिस बॉल, रंगीत कपडे आणि लाउडस्पीकरवर बोंब. माझ्या कानावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. जिल्ह्याकडून एकदा ओपनिंग करायची, एवढीच माझी इच्छा. लहान इच्छा माणसाला जास्त छळते. आठवडाभर मला झोप नीट नव्हती, वर्गात फळ्यावर गणित लिहिताना मध्येच डावा पाय पुढं पडायचा आणि पोरं खुसखुसायची.

निवड करणारे सर खामगावचे, निवृत्त क्रीडाशिक्षक. अंगात स्वेटर, गळ्यात शिट्टी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण अजून आठवीतच आहोत. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "म्या दोन ओपनर घेत नाही. म्या ओपनरची जोडी घेतो. पहिला तास जे दोघं काढतीन ते येतीन, बाकीचे चहा पिऊन घरी जातीन." हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. जिल्ह्यात जमलेली जोडी म्हणावी अशी आमचीच होती. मी चुलतभावाकडं पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता, पण त्यानंही ऐकलं होतं. कान लाल झाले होते.

चाचणी जिल्ह्यातल्या घाटावरच्या तालुक्यांची विरुद्ध घाटाखालच्यांची अशी; आम्ही घाटावरचे. सर स्वतःच पंच म्हणून उभे राहिले. इथंच आमचं गणित चुकलं आणि तेव्हा ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सुरुवात चांगली झाली. हवा गार, चेंडू हलत होता, आम्ही सोडत होतो, ढकलत होतो. घाटाखालचा एक बॉलर मात्र चेंडू फार आत आणत होता; माझ्या पॅडवर दोनदा चेंडू बसला. षटक संपलं, आम्ही मध्ये आलो. त्याला मला सांगायचं होतं. पण सांगणार कोणाला? पंच म्हणजे सर. निवड करणाऱ्या सरांना "याले म्हणा" असं कोण म्हणेल? त्यानं इकडं-तिकडं पाहिलं. जवळ शॉर्ट लेगचा फिल्डर हेल्मेट सारखं करत उभा होता. चुलतभाऊ त्याच्याकडं वळून म्हणाला, "सांगा बा कोणी, याचा बॉल आत येऊन राह्यला. मिडविकेटले कोणीच नाही. म्या तं तिकडंच ढकलून राह्यलो. एक-एक भेटते."

मी ऐकलं आणि सवयीप्रमाणं त्या फिल्डरनं पुन्हा सांगायची वाट पाहिली. तो कशाला सांगतो? तो घाटाखालचा, त्याला आमच्या घरची रीत काय माहीत. एवढी चांगली खबर समोरचा ओपनर आपण होऊन देतोय म्हटल्यावर तो सरळ त्याच्या कॅप्टनकडं गेला. कॅप्टननं मिडऑनच्या माणसाला थोडं थोडं करत आडवं सरकवलं आणि बॉलरच्या कानात काही सांगितलं. पुढच्या षटकात चुलतभावाला चेंडू पडला तो हळू, थांबून आलेला. त्यानं मिडविकेटकडं ढकलला, चेंडू किंचित हवेत गेला, आणि तिथं आता माणूस होता. तो परत जाताना माझ्यासमोरून गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, नेहमीसारखंच. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की त्यानं पाहावं.

मी पहिला तास काढला. नंतर हिवरा आश्रमाकडच्या एका तरण्या गड्यानं, जो पोलीस भरतीची तयारी करत होता, येऊन पार रस्त्यावर सिक्स मारले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सरांनी आम्हा दोघांना बाजूला बोलावलं. चुलतभावाला म्हणाले, "तू फिल्डरले काऊन सांगतलं बे, का मिडविकेट मोकळी हाय?"

मला राहवलं नाही. "सर, त्यानं फिल्डरले नाही सांगतलं. मले सांगतलं."

"मंग तुलेच काऊन नाही सांगतलं?"

"आमचा अबोला हाय."

सरांनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "किती दिवसाचा?"

"घरचा हाय," मी म्हणालो. याच्यापुढं आमच्याकडं कोणी विचारत नाही. सरांनीही विचारलं नाही. ते म्हणाले, "म्या जन्मभर जोड्या पाह्यल्या. एकमेकांचं तोंड न पाहणारेही पाह्यले. पण ते घरातलं समोरच्या टीमले जाऊन नव्हते सांगत." मग त्यांनी टीम सांगितली. सलामीला मी आणि तो सिक्सवाला. चुलतभाऊ राखीव.

मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. मी त्याला वाचवायला गेलो आणि खड्डा आणखी खोल केला. आनंद व्हायला हवा होता, तो कुठं शोधून सापडेना. परतीच्या वाटेवर आम्ही नेहमीसारखेच गप्प होतो, पण नेहमीची शांतता सवयीची असायची, ही टोचत होती. चिखलीला तो रोजच्या टपरीवर थांबला. दोन चहा सांगितले, चहावाल्याला म्हणाला, "एकात साखर कमी." ती माझ्यासाठी. मग कप हातात घेऊन रस्त्याकडं पाहत चहावाल्यालाच म्हणाला, "त्याले म्हणा, पहिल्या तासात ऑफचा बॉल सोडत जाय. हात लावू नको."

चहावाला गोंधळला. "कोणाले म्हणू?"

मी अर्धा चहा तसाच ठेवून गाडीकडं गेलो.

घरी बाबा अंगणात होते. "झाली निवड?"

"झाली."

"दोघायचीही?" विचारलं आणि त्यांनी लगेच सुपारी कातरायला घेतली.

"माही झाली. पलीकडचा राखीव."

अडकित्ता थांबला. "जोडी मोडली? कोणी मोडली?" निवड समितीवर तुटून पडायला त्यांना निमित्तच हवं असायचं, ते सरांच्या सात पिढ्या काढणार असं मला वाटलं. मी सगळं सांगितलं. शॉर्ट लेग, मिडविकेट, सर काय म्हणाले, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा राग कुठं गेला कोण जाणे. जोडी कोणी मोडली ते त्यांना कळलं असावं. जेवून हात धुताना म्हणाले, "तो येनार नाही. राखीव म्हनून कोन येते? म्याही नसतो आलो."

मलाही तसंच वाटत होतं. मॅचच्या दिवशी पहाटेच उठून मी दारात उभा. खामगावला जायचं होतं. किट त्याच्याकडं होती, पण मला किटची नाही, वेगळीच धास्ती होती. तो आला नाही तर मी त्या सिक्सवाल्याबरोबर कसा उतरणार? आणि तो आला, तर बाउंड्रीवर पाण्याचा ट्रे घेऊन बसलेल्या त्याच्याकडं कसं बघणार? दोन्ही बाजूंनी आगच. तेवढ्यात पलीकडं मोटरसायकल सुरू झाली. तो दारासमोर येऊन थांबला, बॅग टाकीवर, मागची सीट रिकामी. मी बसलो. बाबा खिडकीत होते. ते बाहेर आले नाहीत.

समोरच्यांनी आधी बॅटिंग घेतली आणि आम्हाला दिवसभर पळवलं. चुलतभाऊ दोनदा बदली म्हणून मैदानात आला, बाकी पाणी, टॉवेल, कोणाच्या बोटाला पट्टी, सगळं करत राहिला. ते शेवटी आउट झाले तेव्हा दिवसाचा शेवटचा तास उरला होता. सलामीच्या माणसाला याच्यापेक्षा वाईट वेळ नाही. दिवसभर पळून पाय भरलेले, ऊन तिरपं, बॉलर ताजे, आणि तुमच्याकडून कोणाला रन नको असतात, फक्त उद्या सकाळपर्यंत उभे राहा म्हणतात. कसोटीत टीव्हीवर हे पाहताना मला नेहमी वाटायचं, ह्या तासात ओपनरच्या घरचे काय करत असतील.

मी झाडामागं जाऊन आलो. सिक्सवाला वाटेत म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ." तो सारखा बोलत होता. प्रत्येक चेंडूनंतर पुढं येऊन माझ्या हातमोज्यावर ठोसा मारायचा, "मस्त सोडला दादा," म्हणायचा. मला त्याचा राग येत होता, आणि राग यावा असं त्यानं काही केलं नव्हतं. षटक संपल्यावर तो मला सरळ म्हणाला, "दादा, बॉल बाहेर जाऊन राह्यला." आणि मी पंचांकडं पाहत थांबलो. पंचांनी विचारलं, "काय झालं?" मी काही नाही म्हणालो.

थोड्याच वेळात त्यानं बाहेर जाणाऱ्या त्याच चेंडूवर बॅट फिरवली आणि स्लिपमध्ये झेल गेला. मला बाबांचं वाक्य आठवलं. एक आज, एक उद्या. पुढचा आला, तो घाबरलेला. मी ऑफचे चेंडू सोडत राहिलो. हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात. पलीकडच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगकडं जात होत्या, बॉलर धावत यायचा, मला प्रत्येक वेळी वाटायचं हाच तो. सावल्या पार खेळपट्टीच्या पलीकडं गेल्या होत्या आणि दिवस अगदी संपत आला होता.

तेव्हा चुलतभाऊ हातमोजे घेऊन पळत आला. मी मागितले नव्हते. माझे मोजे कोरडे होते. तो जवळ आला, आणि मला वाटलं आता हा कोणाकडं तरी वळेल. पंच दूर होते, फिल्डर आपापल्या जागी जात होते. कोणी नव्हतं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुह्या बाबाचा फोन आल्ता."

बाबांना बीपीचा त्रास, घरचे दुपारी शेतात गेले की ते एकटे घरी. "काय झालं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनी त्याच्याशी बोललेला माझा पहिला शब्द हाच.

"काही नाही झालं. तुहा मोबाइल बॅगेत वाजूवाजू बंद झाला, म्हनून मले लावला."

"तुहा नंबर कुठून भेटला त्यायले?"

"माह्या मायजवळून घेतला म्हने. घरी आलते. इचारत होते, हाय का गेला."

म्हणजे बाबा त्या दारात गेले होते. भिंतीला वळसा घालून, काकांच्या मागं इतक्या वर्षांत कधी न चढलेली ती पायरी चढून, भावजयीसमोर उभे राहून त्यांनी पुतण्याचा नंबर मागितला होता. माझ्या रनसाठी. मला समोरचं दिसेना. मी हेल्मेटची जाळी पुसली, जसं काही घाम तिथंच आलाय.

"मंग तू काय सांगतलं?"

"म्हनलं, हाय काका. चांगला उभा हाय." त्यानं माझे कोरडे मोजे काढून घेतले, दुसरे माझ्या हातात चढवले. "जा. ऑफचा सोड."

मी गार्ड घेतला. पंचांनी लेग स्टंप दाखवला तो मला कळला नाही, पुन्हा विचारला. बॉलर आला. चेंडू ऑफचा नव्हता. आत आला, खाली राहिला, आणि मी बॅट आणेपर्यंत मधला स्टंप पडला होता. अजून एक षटक काढलं असतं तर दिवस संपला असता. जन्मभर वाट पाहून मिळालेला तो तास मी शेवटच्या घटकेला घालवला. मला लाज वाटली, आणि लाजेखाली दुसरंच काहीतरी होतं, हलकं. तेव्हा त्याला नाव देता आलं नाही.

परत येताना कोणी टाळी वाजवली, कोणी नाही. बाउंड्रीजवळ चुलतभाऊ माझ्याकडं पाठ करून उभा होता, कानाशी मोबाइल. त्यानं मघाचा फोन पुन्हा लावला असावा, किंवा बाबांनीच लावला असावा. मी शेजारून गेलो तेव्हा तो सांगत होता, "हाव काका, आत्ताच. नाही, सोडाचा बॉल नव्हता तो. आत आला अन् बसला खाली. म्याही गेलो असतो." मग ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाय? पाय पुढं होता. थोडा आडवा पडला. सांगतो त्याले." मी खुर्चीवर बसून पॅड सोडले, पाणी प्यायलो, मैदानातून पंच परत आले, आणि तरी त्या दोघांचं बोलणं चालूच होतं.